वरच्या मजल्यावरची डिलिव्हरी

आमच्या दुकानातली खुर्ची डोंगरापलीकडच्या गावांत जाते, बेटांवर जाते, एकदा तर एका दीपगृहातही गेली. फक्त दुकानाच्या वर, जिथे आमची आई राहते, तिथे ती पोहोचत नव्हती. मधे अंतर म्हणाल तर सगळा मिळून एक जिना. हे सांगितलं की लोकांना वाटतं, मी तिखटमीठ लावून सांगतेय. मला तशी सवय आहे, नाकारत नाही. पण या गोष्टीत तिखटमीठ लावायला माझ्या दादाने जागाच ठेवली नाही.

खाली पुढे दुकान, मागे कारखाना, आणि वर दोन खोल्या. त्या दोन खोल्यांत आई आणि मी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, दुकानाचा मालक. तो वहिनीबरोबर पलीकडच्या वस्तीत नव्या फ्लॅटमध्ये राहतो आणि रोज सकाळी दुकान उघडायला येतो. खुर्च्यांच्या बैठका वेताने विणायचं काम माझं. लाकूडकाम दादाचं, म्हणजे पूर्वी त्याचं होतं. आता ते कारागीर करतात आणि दादा स्क्रीन बघतो.

बाबा होते तेव्हा आमच्याकडे डिलिव्हरी हा शब्दच नव्हता. ते 'बसवून देणं' म्हणायचे. खुर्चीचे पाय मुद्दाम थोडे लांब ठेवायचे. मग बाबा खुर्ची खांद्यावर टाकून, करवत हातात घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जायचे, माणसाला तिच्यावर बसवायचे, टाचा जमिनीला टेकतात का ते खाली वाकून बघायचे आणि तिथल्या तिथे, त्यांच्या दिवाणखान्यात, पाय कापून द्यायचे. बरोबर आई असायचीच. ती त्या माणसाला बोलण्यात गुंतवायची. मुलं काय करतात, गुडघा कसा आहे, या खिडकीतून ऊन येतं का. आपलं माप घेतायत हे कळलं की माणूस ताठ बसतो, आणि ताठ बसलेल्या माणसाच्या मापाने केलेली खुर्ची पुढे त्याची पाठ धरते. गप्पांत माणूस सैल झाला की आई बाबांकडे नुसतं बघायची, आणि बाबा खूण करायचे. शेवटी भुसाही आईच झाडायची. दुसऱ्यांच्या घरात झाडू कुठे असतो हे तिला न विचारता कळायचं.

बाबा गेले. मग दादाने ऑनलाइन दुकान काढलं, आणि ते काढून द्यायला वहिनीचा भाऊ आला. तो स्वतःची ओळख 'मी यातला तज्ज्ञ' अशी करून देतो, म्हणून आम्हीही त्याला तज्ज्ञच म्हणतो. तज्ज्ञ म्हणाला, ग्राहकाला निवड द्या. निवड मिळाली की ग्राहक खूश. दादाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एवढं पुरलं.

सुरुवातीला दोनच पर्याय होते, लवकर आणि सावकाश. मग एका बाईने तक्रार केली की बेल वाजवली आणि बाळ उठलं. दादाने 'बेल न वाजवता' हा पर्याय टाकला. लगेच एका गृहस्थाने लिहिलं की बेल वाजवली नाही म्हणून खुर्ची दारात पावसात भिजली. दादाने 'बेल वाजवून' टाकला. मग 'हळूच वाजवून'. मग 'शेजाऱ्यांकडे ठेवा', आणि कुणीतरी भांडल्यावर 'शेजाऱ्यांकडे ठेवा, पण डावीकडच्या नको'. वहिनीनेही हात धुऊन घेतले. तिने 'भेट म्हणून, किंमत न दाखवता' हा पर्याय सुचवला आणि माणसं ओळखून असल्यामुळे त्याच्याखाली 'भेट म्हणून, किंमत सहज दिसेल अशी' हाही. दुसराच जास्त चालला.

बघता बघता अशी वेळ आली की खुर्ची निवडायला जेवढा वेळ लागे, त्याच्या कितीतरी पट वेळ ती घरी कशी यावी हे निवडायला लागे. लोक अर्ध्यातच वैतागून निघून जात. यावर तज्ज्ञाकडे एक भारदस्त शब्द होता, उपाय नव्हता. बराच विचार करून त्याने आणखी एक पर्याय वाढवला, 'काय निवडावं ते कळत नाही'. तो आमचा सर्वांत लोकप्रिय पर्याय ठरला आणि दादाने तज्ज्ञाला मिठी मारली.

एवढ्या सगळ्यांत बसवून देणं तेवढं कुठे बसलं नाही. खुर्च्यांचे पाय आता एका ठरलेल्या उंचीचे. सरासरी माणसाची उंची, म्हणे. मी विचारलं, "हा सरासरी माणूस आपल्या दुकानात कधी आलाय का?" दादा म्हणाला, "तू वेत विण."

आणि पानाच्या अगदी तळाशी, चौकटीत, दादाचं स्वतःचं लेखन होतं. मथळा होता 'मालकाचा शब्द'. खुर्ची पोहोचली की ग्राहकाच्या फोनवर शेवटी एक निरोप जाणार, वस्तू मिळाली का, हो की नाही. ग्राहकाने 'नाही' दाबलं, तर त्याच दिवशी मालक स्वतः त्याच्या दारी जाणार. न गेल्यास पैसे परत, शिवाय दुकानाच्या पहिल्या पानावर सगळ्या जगाला दिसेल असा लाल शेरा. तज्ज्ञाला हे जरा जास्त वाटलं होतं, पण दादा म्हणाला, "असू दे रे, भारी वाटतं." आजवर कुणी 'नाही' दाबलं नव्हतं. खुर्ची कुठेतरी पोहोचतेच, आणि लोकांनाही कामं असतात.

मग आई पडली. आमच्याच जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आई घरी आली आणि पलंगावर पडून राहिली. डॉक्टरांनी बजावलं, खाली वाकून बसायचं नाही, गुबगुबीत सोफ्यावर तर नाहीच. उंच, ताठ, हाताची खुर्ची हवी, आणि लवकर बसायला लागा. आमच्या घरात, खुर्च्यावाल्यांच्या घरात, तसली एकही खुर्ची नव्हती. मी एका जुन्या खुर्चीखाली लाकडाचे ठोकळे लावून बघितले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी ती नुसती हाताने हलवली आणि मला असं काही झापलं की मी ठोकळे त्यांच्यासमोरच चुलीत घालणार होते. बरं, आमच्याकडे चूल नाही.

दादाने आईसाठी खुर्ची केली, हे श्रेय मी त्याला देते. कारागिरांना हात लावू दिला नाही. स्वतः रंधा मारला, स्वतः हात घासले, कोपरं टेकतात तिथे लाकूड साबणासारखं गुळगुळीत केलं. माप घ्यायला वर ये म्हटलं तर म्हणाला, "आईचं माप मला पाठ आहे." बैठक मी विणली. खुर्ची इतकी देखणी झाली की मलाच तिच्यावर बसून आजारी पडावंसं वाटलं.

"चल, एक बाजू तू धर," मी म्हटलं.

"अशी नाही नेता येणार," दादा म्हणाला. "सिस्टीममध्ये चढलीय ती."

"मग उतरव."

"ऑर्डर असल्याशिवाय उतरत नाही गं. मागे ते स्टूल तुझ्या वहिनीसाठी तसंच घरी नेलं, तर सिस्टीम तेच स्टूल लोकांना विकत बसली. किती जणांचे पाय धरले मी, आठवतंय ना? आईच्या नावाने ऑर्डर टाक. दोन मिनिटांचं काम."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तरातरा वर गेले आणि आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "टाक बाई ऑर्डर. त्याला बरं वाटेल."

इथे एक सांगायला हवं. दादा रोज दुकानात यायचा, पण जिना चढायचा नाही. भांडण नव्हतं, राग नव्हता. 'येतो गं', 'एवढं संपवतो आणि येतो', 'आज येतोच' असं करत करत राहून जायचं. दवाखान्यात आला होता, पण तिथे आई चादरीखाली झोपलेली. घरी आणल्यापासून तो रोज सकाळी खालून आईला व्हिडिओ कॉल करायचा. त्याचा आवाज आम्हाला दोनदा ऐकू यायचा, एकदा फोनमधून आणि एकदा फरशीखालून. "आई, कशी आहेस?" खालून. "आई, कशी आहेस?" फोनमधून. आई फोनकडे बघून हसायची आणि कॉल संपला की फोन उशीखाली सरकवायची. मला त्या वेळी तिच्याकडे बघवायचं नाही.

तर ऑर्डर. मी पलंगावर बसून आईला पर्याय वाचून दाखवायला लागले.

"लवकर की सावकाश?"

"त्याला जमेल तसं."

"तसा पर्याय नाही. लवकर टाकते. बेल वाजवून, न वाजवता की हळूच वाजवून?"

"चांगली वाजवू दे. कुणी आलं की कळायला हवं."

"तुम्ही घरी नसलात तर कुणाकडे ठेवायची?"

"मी घरी नसायला कुठे जाणार आहे?" आई म्हणाली. "पुढे वाच."

मी पत्ता टाकला. स्क्रीनवर एक गोल फिरला, फिरला, आणि थांबला. 'क्षमस्व! या भागात आम्ही सेवा देत नाही.'

मी आईला दाखवलं. आई हसायला लागली ती थांबेचना. शेवटी खुब्यात कळ आली तेव्हा डोळ्यांतून पाणी काढत म्हणाली, "आपण राहतो तरी कुठे गं?"

मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली ओरडले. दादा आधी मानायलाच तयार नव्हता. मग त्याला आठवलं. तज्ज्ञ नकाशा बनवत होता तेव्हा त्याने विचारलं होतं की आपल्या स्वतःच्या इमारतीचं काय करायचं, आणि दादाने बेफिकीर सांगितलं होतं, "ते सोड. घरच्यांना कसली डिलिव्हरी?" तज्ज्ञाने ते सोडलं. नकाशात आमच्या घराच्या जागी छोटंसं पांढरं भोक होतं.

तज्ज्ञाला बोलावण्यात आलं. तो कानाला काहीतरी लावून आला, बराच वेळ टकटक केली आणि मान हलवली. "जवळच्या भागात टाकता येत नाही. टेम्पोचं भाडं अंतरावर आहे. इथे अंतर शून्य येतं. शून्य आलं की सगळा हिशेब कोलमडतो."

"मग कशाला हवा टेम्पो?" मी म्हटलं. "जिना आहे ना!"

"ताई, जिना हा पर्याय सिस्टीममध्ये नाही." तो अगदी हळुवारपणे म्हणाला, लहान मुलाला समजवावं तसं. "मी तात्पुरतं दुर्गम भागात टाकतो. डोंगर, बेटं, तिथेच. त्याला अंतराची अट नाही."

अशा रीतीने आमची आई दुर्गम झाली. ऑर्डर गेली. खाली दादाच्या स्क्रीनवर घंटा वाजली आणि तो खरोखर खूश होऊन ओरडला, "आई, तुझी ऑर्डर आली!" फरशीखालून, आणि लगेच कॉल लावून फोनमधून.

दुसऱ्या दिवशी खुर्ची खोक्यात गेली, खोक्याला पट्ट्या लागल्या, कुरिअरवाल्याची गाडी आली. मी वरच्या खिडकीतून बघत होते.

"आली का?" आईने पलंगावरून विचारलं.

"निघाली."

"कुठून?"

"खालून."

"आणि कुठे?"

"गोदामात. शहराबाहेर."

आईने छताकडे बघितलं. "मी खालची पायरी चुकले म्हणून इतके हाल," ती म्हणाली. "ही तर जिनाच चुकली."

मग फोनवर निरोपांची रीघ लागली. आपली वस्तू शहराबाहेर पडली आहे. आपली वस्तू विश्रांती घेत आहे. आपली वस्तू आपल्या दिशेने येत आहे. आई प्रत्येक निरोप मला मोठ्याने वाचायला लावायची. नातेवाईक प्रवासाला गेल्यासारखी तिला त्या खुर्चीची काळजी लागली. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, कारण व्यायामवाल्या बाई येऊन गेल्या होत्या. त्यांनी मला दाराबाहेर नेऊन आवाज खाली करून सांगितलं होतं, "हा आठवडा गेला आणि त्या उठून बसल्या नाहीत, तर पुढे बसणं अवघड. बसणं सुटलं की चालणं सुटलं. मी बाकीच्यांचं बघितलंय. त्यांनी अंथरूण धरलं तर ते सुटणार नाही." मी दादाला फोन केला. दादा म्हणाला, "निघालीय गं गोदामातून, मला दिसतंय इथे. तू पॅनिक होऊ नकोस." 

त्याला दिसत होतं, हे खरं होतं. नकाशावर एक ठिपका सरकत होता. त्या ठिपक्यावर दादाचं इतकं बारीक लक्ष होतं की मला त्या ठिपक्याचा हेवा वाटला.

खुर्ची परत आली ती भर दुपारी. कुरिअरवाल्याने खोकं उतरवलं, कागद बघितला. पाठवणाऱ्याचा पत्ता, तोच घेणाऱ्याचा पत्ता. त्याने डोकं खाजवलं आणि जे कुणीही केलं असतं ते केलं. समोर दुकान होतं, दुकानात नेऊन टेकवलं. दादा त्या वेळी शेजारच्या आरसेवाल्याला आपली सिस्टीम दाखवत होता. आरसेवाल्यालाही ऑनलाइन व्हायचं होतं, आणि तज्ज्ञ तिथे नवं गिऱ्हाईक धरायला उभाच होता. दादाने बोलता बोलता, मान न वळवता, कुरिअरवाल्याच्या यंत्रावर बोटाने सही केली आणि म्हणाला, "परत आलेला माल जिन्याखाली ठेव."

वर आईचा फोन वाजला. मी वाचलं. "अभिनंदन! आपली वस्तू आपल्याला मिळाली आहे. मिळाली ना? हो, नाही."

"कुणाला मिळाली?" आईने विचारलं.

मी जिन्याच्या तोंडाशी गेले आणि खाली वाकून बघितलं. खोकं जिन्याखाली उभं होतं. आईचं नाव त्याच्यावर मोठ्या अक्षरांत, आणि ते अक्षर माझंच. मी पदर खोचला. आता खोकं ओढत वर आणायचं आणि येताना दादाला चार शब्द सुनवायचे, असं ठरवून मी पहिली पायरी उतरले, तेवढ्यात आईने हाक मारली.

"थांब. इकडे ये. ते 'नाही' दाबलं तर काय होतं?"

मी मालकाचा शब्द वाचून दाखवला. सगळा, लाल शेऱ्यासकट. आईने चष्मा मागितला. मी दिला. तिने फोन पोटावर नीट धरला आणि बोट टेकवून 'नाही' दाबलं. बेल दाबावी तसं, चांगलं जोर लावून.

खाली भोंगा वाजला. असला भोंगा त्या सिस्टीममध्ये आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. दादालाही नसावं, कारण तज्ज्ञाचं बोलणं मधेच तुटलं आणि आरसेवाल्याचा आवाज आला, "हे लाल काय झालं हो?" मग आईचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल.

"आई, तू 'नाही' दाबलंस का?"

"कोण बोलतंय?"

"अगं मी!"

"कोण मी? मालक का?"

"आई, चेष्टा करू नकोस. चुकून दाबलं गेलं असेल. 'हो' दाब पटकन. इथे आरसेवाले बसलेत, लाल शेरा येईल."

"खुर्ची मिळाली नाही, तर मिळाली कशी म्हणू?" आई म्हणाली. "मालक असाल तर वर या." आणि तिने फोन बंद करून उशीखाली सरकवला. फरशीखालून "आई, ऐक ना" ऐकू आलं, पण उशीखालून नाही.

मग जिन्यावर आवाज. आधी खोकं घासल्याचा, मग ते वळणावर अडकल्याचा, मग दादाच्या शिव्यांचा. त्या वळणावर खोकं वळत नाही. बाबांना माहीत होतं, म्हणून बाबा कधी खोकं वापरत नसत. पुठ्ठा फाडल्याचा आवाज झाला. आणि मग बेल. आमचं दार उघडं होतं, दादा दारात उभा होता, मला समोर दिसत होता, तरी त्याने बेल वाजवली. ऑर्डरमध्ये तसं लिहिलं होतं ना. खुर्ची त्याच्या खांद्यावर होती, अगदी बाबांच्या खांद्यावर असायची तशी. मी जे चार शब्द जमवून ठेवले होते ते तोंडातच राहिले.

"कुठे ठेवू?" त्याने विचारलं.

"खिडकीशी," आई म्हणाली.

आम्ही दोघांनी आईला उठवलं. तिने एक हात माझ्या गळ्यात घातला, एक त्याच्या, दात आवळून पावलं टाकली आणि ती बसली. बसल्यावर डोळे मिटून तिने मोठा श्वास सोडला. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि अंगठ्याने लाकूड चोळून बघितलं. "चांगलं घासलंयस," ती म्हणाली.

दादाचं तिकडे लक्ष नव्हतं. तो खाली बघत होता. आईची पावलं जमिनीला टेकत नव्हती. शाळेतल्या मुलीची बाकावर लोंबकळतात तशी लोंबकळत होती.

"असं कसं?" तो म्हणाला. "तुझंच माप आहे हे." त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं, जणू मीच खुर्ची बदलली. मग तो गुडघ्यांवर बसला आणि आईची टाच तळहातात घेतली. टाच आणि फरशी यांच्यामध्ये त्याची चार बोटं सहज गेली.

"आई," तो म्हणाला, "तू एवढी लहान कधी झालीस?"

"रोज थोडी थोडी होतेच आहे," आई म्हणाली. "फोनवर तुला नुसतं तोंड दिसतं रे."

दादा उठला, खाली गेला. मला वाटलं, आता तो तज्ज्ञाला विचारायला गेला. पण तो बाबांची करवत घेऊन आला. ती खाली भिंतीवर शोभेला टांगलेली असते, ऑनलाइन दुकानाच्या पहिल्या पानावर तिचा फोटोही आहे, 'आमची परंपरा' म्हणून. तिच्यावरची धूळ त्याने शर्टाला पुसली.

आईला पुन्हा पलंगाच्या कडेशी टेकवून त्याने खुर्ची उलटी केली आणि पाय कापले. बसवलं. अजून टेकेना. पुन्हा उलटी केली. धाडस करून एकदम जास्त कापत नव्हता, थोडं थोडं कापत होता. कापलेलं लाकूड जोडता येत नाही ही भीती त्याच्या हातांत परत आली होती, आणि मला ती बघून फार बरं वाटलं. आई त्याला एकेक विचारत होती. वहिनीचा दमा कसा आहे. फ्लॅटमध्ये सकाळचं ऊन येतं का. तू दुपारी जेवतोस कुठे, की त्या स्क्रीनसमोरच. सुरुवातीला तो 'हं', 'बरंय' करत होता. मग बोलायला लागला. लाल शेरा येणार म्हणून आत्ता खाली कशी तारांबळ उडाली ते सांगितलं, रात्री स्वप्नात सुद्धा लोक पर्याय मागतात ते सांगितलं, आणि एकदा हसलाही. तेव्हा मला कळलं, आई काय करतेय. खुर्चीवर ती स्वतः बसली होती, पण सैल दादाला करत होती.

अखेर टाचा टेकल्या. दोन्ही, नीट, सपाट. आईने पावलं फरशीवर दाबून बघितली, हातांवर भार दिला आणि कुणाचा हात न धरता बूड बोटभर उचललं. पुन्हा बसली. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं. दादाने झाडू शोधला, आणि त्याला तो सापडला नाही. स्वतःच्या आईच्या घरात झाडू कुठे असतो ते त्याला मला विचारावं लागलं. मी सांगितलं. त्याने भुसा भरला, करवत घेतली आणि म्हणाला, "येतो गं. खाली आरसेवाले खोळंबलेत."

"ये," आई म्हणाली.

तो जिन्याच्या मध्यावरही पोहोचला नसेल, तेवढ्यात आईचा फोन वाजला. भेट झाल्याची नोंद त्याने उतरता उतरताच केली असणार. मी वाचलं. "मालक आपल्या दारी येऊन गेले, हा आमचा सन्मान आहे. आता तरी वस्तू मिळाली ना? हो, नाही."

आईने हात पुढे केला. मी फोन दिला. तिने चष्मा वर सरकवला आणि पुन्हा, जोर लावून, 'नाही' दाबलं.

"अगं!" मी म्हटलं. "बसलीयस ना तू तिच्यावर!"

"बसलेय की."

"आत्ताच गेला तो. निदान उद्या तरी दाबायचंस."

"उद्या उद्याचं दाबेन," आई म्हणाली.

खाली भोंगा वाजला. दादा "अरे देवा" म्हणाला, ते आम्हाला फोनशिवायच ऐकू आलं. मग जिन्यावर पावलं थांबली, आणि वर यायला लागली.